घोट्याइतका मान

“बाबा, तुमी समुद्रात कधी घोट्याच्या वर गेलास?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो माझी बाकावरची मैत्रीण सत्यवती हिचा होता, आणि तो बाबांना तोंडावर विचारून दाखवायची पैज आमच्या दोघींच्या मागे बसणाऱ्या तुळसाने लावली होती. पैज एका खाज्याच्या पुडीची. पण पुडी नसती तरी मी विचारलंच असतं. गेल्या स्नेहसंमेलनात मी चारशे माणसांपुढे न अडखळता भाषण केलं, तेव्हापासून मला कोणाची भीती वाटत नाही. आई म्हणते, हा आजार आहे आणि लग्न झालं की उतरेल.

झालं होतं असं, की बाईंनी ‘माझे गाव’ हा निबंध लिहायला सांगितला होता. नवं महाराष्ट्र राज्य होऊन तीन महिने झाले होते आणि बाईंना प्रत्येक गोष्टीवर निबंध हवा होता. मी लिहिलं की नारळी पौर्णिमेला आमच्या गावचा पहिला नारळ समुद्रात सोडायचा मान आमच्या घराचा आहे. माझ्या वडिलांच्या हातातून तो नारळ पाण्यात पडल्याखेरीज खालच्या वाडीतल्या एकाही कोळ्याची होडी पावसाळ्यानंतर बाहेर निघत नाही. म्हणजे एका अर्थी समुद्र आम्हीच उघडतो. हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं.

सत्यवतीचे वडील शिवा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. वारा, पाणी, माणसं सगळं त्याच्या शब्दावर. तिने मधल्या सुट्टीत सहज विचारावं तसं विचारलं, “नारळ सोडताना तुझो बापूस कितक्या पाण्यात उभो रवता?”

“घोट्याइतक्या,” मी म्हटलं.

“म्हणजे तुमचो मान घोट्याइतको.”

तुळसा हसली. मीही हसले. पण घरी पोचेपर्यंत ते हसू ताकासारखं आंबलं. तोवर मला वाटायचं, मान ही घाऱ्या डोळ्यांसारखी गोष्ट आहे. मला डोळे घारे मिळाले, आवाज मोठा मिळाला आणि नारळ पहिला मिळाला. यात मी स्वतः काय केलं, असा प्रश्न कधी पडला नव्हता. घाऱ्या डोळ्यांसाठी तरी मी काय केलं होतं?

तर पौर्णिमेच्या सकाळी आमच्या पडवीत पाचसहा माणसं चहा पीत बसली होती, आणि मधोमध बाबा. आमचं आडनाव गावकर, पण सगळा गाव त्यांना दाजी म्हणतो. मी दारात उभी राहून प्रश्न विचारला, तसे सगळे कप ओठांपर्यंत येऊन थांबले.

“आमका घोट्याच्या वर जावची गरज काय?” बाबा म्हणाले. “समुद्रच आमच्या पायाशी येता.”

उत्तर चांगलं होतं. मंडळींनी माना डोलावल्या. मी तिथेच थांबले असते तर पैज जिंकले असते, खाजं खाल्लं असतं आणि विषय मिटला असता. पण चांगलं उत्तर मिळालं की मला त्यावर आणखी एक प्रश्न सुचतो.

“म्हणजे भिऊन नाय ना?”

गंगाराम गुरव, जे देवासमोर सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात, त्यांना ठसका लागला. तो ठसका हसण्यासारखा होता, हे बाबांना ऐकू आलं.

“यंदा,” बाबा कप खाली ठेवत म्हणाले, “मी कमरेइतक्या पाण्यात उभो रवान नारळ सोडतलंय. तू बघ.”

आत आईच्या हातातली पळी पडली. “कमरेइतक्या? ता नवा धोतार नेसान?”

गंगाराम गुरव चहा संपवून देवळाकडे गेले. देवळात पोचेपर्यंत कमरेइतकं पाणी छातीइतकं झालं. बाजारात दाजी पोहणार होते. खालच्या वाडीत बातमी गेली तेव्हा दाजी होडीत बसून खडकाच्या पलीकडे, ऐन समुद्रात जाऊन नारळ सोडणार होते. आणि दुपारी शेजारच्या मिठबाव गावाहून दोन बैलगाड्या भरून माणसं आली, खास तेवढंच बघायला.

“मी असा म्हटलंय खंय?” बाबांनी स्वयंपाकघरात येऊन आईला हळू आवाजात विचारलं.

“मगे भायर जावन सांगा, नाय म्हणान.”

“आता कसा सांगू? मिठबावसून गाडये इलेहत.”

गाड्या आल्या म्हणून माणूस समुद्रात जातो, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोपऱ्यात उभी राहून नारळाला सोनेरी कागद चिकटवत होते. नारळ असोला, म्हणजे वरची साल, सोडण, न काढलेला, चांगला सुकलेला, बाळाच्या डोक्याएवढा. बाबांना पोहता येत नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर कोणाला त्याची गरज पडली नव्हती.

किनाऱ्यावर अर्धा तालुका जमला होता. शिवा तांडेलाने होडी पाण्याच्या कडेला आणून ठेवली होती, पण त्याचा चेहरा काही बरा नव्हता.

“दाजीनु, आजचो दर्या बरो नाय,” तो म्हणाला. “हयसरसूनच सोडा. दर वर्सा सोडतास तसो.”

बाबांना हेच हवं होतं. ते मान हलवणार इतक्यात बैलगाडीवाल्यांपैकी कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “तांडेल घाबारलो वाटता.”

“मी?” शिवा म्हणाला. “बसा दाजीनु. आताच बसा.”

बाबा काळा कोट, फेटा, उपरणं आणि करकरत्या वहाणा अशा थाटात निघाले. होडीच्या कडेला शिवाने त्यांना थांबवलं. “होडयेत वहाणा घालून चढत नाय.” बाबांनी वहाणा काढून आईकडे दिल्या. त्यांचे तळवे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. पोह्याच्या पापडासारखे पांढरे होते. शेजारी शिवाचे पाय होते, ते मात्र खडकाला चिकटलेल्या कालवांसारखे. सत्यवती माझ्या बाजूला उभी होती. तिनेही बघितलं.

गंगाराम गुरवांनाही होडीत बसा म्हटलं. ते म्हणाले, “माझा काम गाऱ्हाण्याचा. देवाक खयसूनय आयकाक येता.” आणि चार पावलं मागे सरले.

होडी निघाली. गुरवांनी हात जोडून सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, आज ह्या गावचो मानकरी तुझ्या दारात येता, तेका सांभाळ म्हाराजा.” “होय म्हाराजा,” आम्ही सगळे ओरडलो. पहिल्या लाटेवर होडीचं नाक वर गेलं आणि बाबांचा फेटा मागे गेला. दुसऱ्या लाटेला बाबांनी नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यात भक्ती किती आणि धाक किती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. तिसऱ्या लाटेआधी ते उठून उभे राहिले.

“बसा,” शिवाचा आवाज आला. “बसान सोडा.”

“मान बसान देवचो नसता,” बाबा म्हणाले. हे शब्द गावात अजून लोक एकमेकांना सांगतात. कारण त्याच्या पुढच्या क्षणी तिसरी लाट आली आणि होडीत बाबा नव्हते.

आईने किंकाळी फोडली. मी वाळूत खाली बसले. माझ्या डोक्यात एकच होतं, की हे मी केलं, एका खाज्याच्या पुडीसाठी. शिवा आणि त्याचे दोघं गडी पाण्यात उडी टाकणार इतक्यात नारळ वर आला, आणि नारळाला मिठी मारलेले बाबा त्याच्याबरोबर वर आले. सुकलेला असोला नारळ बुडत नाही. खालच्या वाडीतली पोरं असेच दोन नारळ कमरेला बांधून पोहायला शिकतात. बाबा सत्तेचाळिसाव्या वर्षी एकावर शिकत होते. भरतीचं पाणी होतं. होडी वळेपर्यंत दोन लाटांनी बाबांना उचलून किनाऱ्यावर, जिथून ते निघाले होते बरोबर तिथेच, आणून ठेवलं. फेटा मागाहून आला.

बाबा वाळूत पालथे पडून समुद्र ओकत होते. दोन घोट बाहेर काढून त्यांनी मान वर केली. “नारळ सोडूक नाय मी,” ते अभिमानाने म्हणाले.

“तोच तर घोटाळो झालो,” गुरव म्हणाले.

आणि तिथे, बाबांच्या अंगावरून पाणी निथळत असताना, चर्चा सुरू झाली. नारळ समुद्रात गेला, पण हातातून सुटला नाही. म्हणजे तो सोडला असं म्हणता येईल का? एकजण म्हणाला, समुद्राने नारळ परत केला, हा अपशकुन. दुसरा म्हणाला, नारळ नव्हे, समुद्राने दाजींना परत केलं.

“म्हणजे काय?” आईने पदर खोचला. “माझो घोव समुद्राकय नको झालो?”

“तसा नाय गो वयनी.”

“मगे कसा, ता सांगा.”

सगळ्या होड्या रांगेत उभ्या होत्या. नारळ गेल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. बाबांना पुन्हा पाण्याकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. लाट आली की ते पडल्या पडल्या पाय वर घेत होते. तेव्हा कोणीतरी म्हणालं, “शिवा तांडेल सोडूंदे. तो रोज जाता थंय.”

गंगाराम गुरवांनी हात वर केला. “तसा चलाचा नाय. ज्याच्या हातातसून नारळ सुटता, तेच्या घराक मान. रीत आसा. ह्या गावकरांकडे तरी मान कसो इलो? आदी मान दुसऱ्या घराचो. तेंच्या मानकऱ्याक ऐन वेळार शिंक इली, तेणी नारळ वायच मेव्हण्याकडे दिल्यान, आणि मेव्हण्याच्या हातातसून तो पडलो पाण्यात. तो मेव्हणो म्हणजे दाजींचो खापरपणजो.”

मी बाबांकडे बघितलं. आमच्या घरात सांगतात की समुद्र स्वतः खापरपणजोबांच्या स्वप्नात आला होता. बाबा वाळू निरखत होते.

“म्हणजे शिंकेचो मान,” सत्यवती माझ्या कानाशी म्हणाली.

शेवटी ठरलं, की नारळ आमच्याच रक्ताच्या माणसाने सोडायचा. माझा भाऊ बाबू मुंबईला नोकरीला. उरले मी. “चेडू चलता?” म्हणजे मुलगी चालेल का, असा प्रश्न निघाला, पण ओहोटी लागायच्या बेतात होती आणि होडीवाले कंटाळले होते, त्यामुळे चाललं. आईने अट घातली की मला एकटीला पाठवायचं नाही, तांडेलाच्या चेडवाने माझा हात धरायचा. “पण नारळाक हात लावचो नाय हां,” तिने सत्यवतीला बजावलं. सत्यवतीने मान हलवली.

घोट्यापर्यंत मी छान चालले. गुडघ्यापर्यंत परकर पायांना गुंडाळायला लागला. मागे गुरव, “बा देवा म्हाराजा,” म्हणत होते, आणि मला वाटलं की एवढ्यावर सोडला तर उद्या वर्गात पुन्हा तेच ऐकावं लागेल. म्हणून मी आणखी दोन पावलं पुढे गेले. खालची वाळू सरकली. माझ्या डोक्यापेक्षा उंच लाट आली, आणि मी, चारशे माणसांना न घाबरणारी सुभद्रा, नारळ टाकून दोन्ही हातांनी सत्यवतीच्या गळ्यात पडले.

आत हिरवं होतं आणि कानात ढोल वाजत होते. त्यात मी एवढंच पाहिलं: सत्यवतीने एका हाताने मला कमरेला आवळलं, दुसऱ्या हाताने परत किनाऱ्याकडे निघालेला नारळ पकडला, लाट डोक्यावरून जाऊ दिली, आणि मग गोठ्यातून वासरू बाहेर लोटावं तसा तो नारळ लाटेच्या पाठीवरून पलीकडे लोटला. तो गेला. ओहोटीच्या पाण्याबरोबर डुलत डुलत, सोनेरी कागद चमकवत गेला.

किनाऱ्यावरून लाटेच्या पलीकडचं कोणालाच दिसलं नव्हतं. दिसला तो फक्त जाणारा नारळ. “गावकरांच्या चेडवान सोडल्यान,” असा ओरडा झाला. ढोल वाजले. होड्या पाण्यात लोटल्या गेल्या. मी खोकत बाहेर आले तर माझ्या गळ्यात हार पडला, माझ्या हातात पहिला प्रसाद आला, आणि मिठबावच्या एका म्हातारीने माझ्या पायांना हात लावला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी दोन वेळा सांगायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा कोणीतरी त्यात साखर घातली.

आई धावत पंचा घेऊन आली. गुरवांनी आपला पंचा दिला. तिसरा कोणी दिला कळलंच नाही. मी तीन पंचे गुंडाळून उभी राहिले आणि समोर बघितलं, तर सत्यवती होडीच्या आडोशाला आपला परकर स्वतःच पिळत होती. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. तिला कोणी पंचा दिला नव्हता. देऊ नये असं कोणाच्या मनातही नसेल. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि मी त्यांच्यातलीच होते. आतापर्यंत माझ्या तरी कुठे लक्षात आलं होतं? त्या तीन पंच्यांत मला थंडी वाजायला लागली.

मी एक पंचा काढून तिला दिला. “तू सांगलंस कित्याक नाय?” मी विचारलं.

“सांगान कोण आयकतलो?” ती केस पुसत म्हणाली. “आणि तू बुडलं असतंस तर मार माकाच पडतलो होतो.” मग तिने माझ्या गळ्यातला हार नीट केला. “उलटो घातल्यानी हा,” ती म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी गंगाराम गुरव आमच्या घरी आले. बाबा कांबळं पांघरून काढा पीत होते. दुपारपासून चार माणसं भेटून गेली होती आणि दर माणसागणिक लाट हातभर वाढत होती. आताची माडाएवढी झाली होती.

“दाजीनु,” गुरव म्हणाले, “गावान ठरवल्यान हा. यंदा होडी गेली, आता ती रीत झाली. फुडे दर वर्सा नारळ होडयेतसूनच. मान तुमचोच. आता घाट वाजली की देवळात येवा नि चौघांसमोर होय म्हणा.”

काढ्याचा पेला बाबांच्या ओठांशी थांबला. “दर वर्सा?”

“दर वर्सा. उभो रवान. तुमीच म्हणालास मां, मान बसान देवचो नसता.”

गुरव गेले. आई देवाजवळ निरांजन लावत गुणगुणत होती. “बरा झाला,” ती म्हणाली. “मान घरातच रवलो.” बाबांचा चेहरा दुपारी तिसऱ्या लाटेआधी होता तसा झाला होता.

“नारळ माझ्या हातातसून सुटूक नाय,” मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, सत्यवतीच्या गळ्यात पडले ते सुद्धा. बाबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला आणि त्याच वेगाने आईचा मावळत गेला.

“गप रव,” आई म्हणाली. “पाण्यातला कोणी बघल्यान?”

“सत्यवतीन बघल्यान.”

“ती खंय सांगता?”

“ती सांगणा नाय, म्हणानच माका सांगूचा आसा.”

“चेडू खरा बोलता,” बाबा घाईने म्हणाले. त्यांच्या आवाजात आज पहिल्यांदा जीव आला होता. “रीत ती रीत. मान शिवाच्या घरात जाऊंदे.” मग त्यांनी कांबळं सारखं केलं, पाठ ताठ केली आणि थोडा विचार केला. “पण गेलो असा कित्याक म्हणाचा? आमी दिलो असा म्हणया. मोठ्या मनान दिलो. मी देवळात उभो रवान सांगतंय, शिवा, घे, आजपास्ना मान तुका दिलो.”

आईने निरांजनाची वात सारखी केली. ती आपल्याशीच हिशेब करत असावी. “तसा चलात,” ती म्हणाली. “दितलो तो मोठो. मगे लोक आपलाच नाव घेतले.”

दोघंही एकदम खूश झाले. बाबांनी कोट मागितला. आई फेटा वाळला का बघायला उठली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी माया वाटली मला त्यांची, आणि इतका राग आला. आणि मग लक्षात आलं, की दुपारी तो पंचा सत्यवतीला देताना मीही थोडी अशीच खूश झाले होते.

देवळातली घाट, म्हणजे मोठी घंटा, वाजायला लागली.

“दिवक तो आपलो नायच,” मी चपला शोधत म्हटलं. “तो तिणा मिळवल्यान हा. मी आता देवळात जातंय नि मी भिऊन काय केलंय, तिणा काय केल्यान, ता सगळा चौघांसमोर सांगतलंय. दिलो बिलो म्हणूचा नाय. तुमका येवचा आसात तर येवा. पण आज फुडे जाजमावर बसाचा नाय. खालच्या वाडीतली माणसा उभी रवतत ना खांबाच्या पाठी, आज आपण तिघांनी थंय उभा रवाचा.”